वाघीचं विश्रांतीचं वर्ष

१८ जानेवारी १९३४
वाघी माजावर आलीय. लांज्याचे व्याही गाडी जोडून आले, ते आपला कुत्रा सोबत घेऊनच! रताळ्यांत रानडुकरं घुसतात, तेव्हा वाघीच्या वाणाचं पिल्लू हवं. ह्यांनी चहा पाजला, विडा दिला आणि सरळ नाही म्हणाले. "पावसाळ्यात सहा पिल्लं पाजलीत तिनं. अजून अंग भरलं नाही. हे वर्ष विश्रांतीचं."
"कुत्री ती! तिला कसली आलीय विश्रांती?"
"तिला नाही म्हणता येत नाही, भाऊसाहेब. तिच्या वतीनं आपणच म्हणायचं."
जंगलखात्याची पेन्शन घेतल्यापासून ह्यांचा सगळा जीव त्या कुत्रीत. तरी आज अभिमान वाटला, खोटं का लिहू?

२ फेब्रुवारी
आमची शांता लांज्याहून बाळंतपणाला आली. तिसरं. वय अजून बावीस नाही. धाकटा अजून अंगावर पितोय. तळहात पांढरेफटक.

२० मार्च
मुलगी झाली. शांता वाचली, एवढंच. रक्त फार गेलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता दोन-तीन वर्षं तरी नको. जावयांना सांगा." मी कोण सांगणार? ह्यांना सांगितलं. "बघू" म्हणाले, नि वाघीच्या गोचिडी काढत बसले.

१ मे
वाघी काय भरलीय, अंगाला तकाकी आलीय! अंगणात लोळत होती. शांता ओटीवर बाळाला पाजत होती, बघून हसली. "आई, मी वाघी असते तर बाबा बोलले असते."
हे तिथंच होते. तोंडापुढचा पेपर खाली आला नाही. मी घाईनं विषय बदलला. का बदलला?

१४ मे
लांज्याचा निरोप. तिच्या सासूबाईंचे गुडघे धरलेत, शांताला लवकर पाठवा, जावई येताहेत. आज मी ह्यांच्यापुढे जीभ सोडली. "आपणच म्हणायचं, म्हणाला होतात. ते कुत्रीपुरतंच का?"
हे पाटावरून उठले. मग, "मुलीच्या बापानं कुठल्या तोंडानं सांगायचं गं?" जेवले नाहीत.
पिल्लू द्यायच्या आधी हे त्या घरी जाऊन येतात. सावली, पाणी, माणसं बघतात. शांताच्या वेळी नुसती पत्रिका बघितली. मी तरी कुठं काय विचारलं? साडीचा रंग ठरवण्यात गुंग होते. फार वाईट वाटतंय.

१७ मे
जावई आले. ह्यांनी त्यांना अंगणात नेलं, मी दाराआड. बोलणं वाघीचंच. एक माज कसा सोडला, कशी सुधारली. "आणि जावईबापू..."
थांबले.
"आणि काय, मामा?"
"काही नाही. पिल्लू पुढच्या खेपेला देईन म्हणावं."
गाडी उद्या सकाळी. शांतानं लुगड्यांच्या घड्या घातल्यात. ट्रंकेची किल्ली मागायला आली होती. मी म्हटलं, सापडत नाही. माझ्या कनवटीला आहे.