पहिली चढाई कुणाची

शुक्र. ३० सप्टेंबर
मुंतझाच्या पार्कमागे कबड्डीची प्रॅक्टिस. ऊन उतरल्यावर. उतरलं म्हणायचं आपलं, हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटलेली. मॅट म्हणजे लहान मुलांच्या खोलीत अंथरतात ते फोमचे रंगीत चौकोन. जरा कुणी जोरात पाय मारला की सुटतात, मग सगळे खेळाडू खाली बसून कोडं जुळवतात.

इथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष देशपांडे काका येऊन सांगून गेले: स्पर्धा ११ नोव्हेंबरला. फुटबॉलचा वर्ल्ड कप सुरू व्हायच्या आत उरकायची, नंतर ना हॉल मिळणार ना रस्ता. चार टीम. पंजाबी, तमिळ, मंगळूरवाले आणि आपण.

येताना गाडीत संजय म्हणाला, "ही शेवटची." त्याचं कंत्राट डिसेंबरअखेर खलास, मग आम्ही कायमचे सांगलीला. इतकी वर्षं या टीमची पहिली चढाई त्याचीच. माहीत आहे मला. तरी नवऱ्याच्या तोंडून "शेवटची" ऐकलं की चिडचिड होते.

बुध. ५ ऑक्टो. दसरा
आपट्याची पानं नाहीत. इराने कागदाची कापली, सोनेरी रंगवली. पंधरा वर्षांची झाली, तरी हे अजून आवडीने करते. संजयने गुडघ्याच्या पट्ट्याची पूजा केली! म्हणे, माझं शस्त्र हेच.

शुक्र. ७ ऑक्टो.
आज राखीव खेळाडूंना खेळवलं. त्यातला ओंकार. पुण्याचा, सव्वीस-सत्तावीसचा, लुसैलच्या स्टेडियमवर नेटवर्कचं काम करतो. चढाईला गेला की परत येईल की नाही याचा भरवसा नाही, पण आला तर कुणाला तरी मारूनच येतो. पाय बघण्यासारखे. मी आपली बघत बसले.

संजय नेहमीप्रमाणे एकदाही सापडला नाही. काका सगळ्यांना सांगत होते, "दोन वर्षांत पकड नाही झाली या माणसाची!"

इरा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "बट आई, बाबा नेव्हर गोज इन."

काय बोलते ही, असं झालं. मग पुढच्या चढाया नीट बघितल्या. खरंच आत जात नाही. रेषेपलीकडे जेमतेम पाऊल, डावीकडे झुकणं, उजवीकडे झुकणं, परत. झुकतो मात्र अजून देखणा.

रवि. ९ ऑक्टो.
इराचं वाक्य डोक्यातून जाईना म्हणून मागच्या वर्षीच्या मॅचचे व्हिडिओ काढून बसले. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. हा आता नियम आहे. आमच्या वेळी नव्हता. आमच्या वेळी रिकामं परत येणं म्हणजे शहाणपण, दमवायचं समोरच्याला. संजय अजून तसाच खेळतो. दोनदा रिकामा येतो आणि तिसरीला दुसरं कुणीतरी जातं, मरतं. म्हणून हा कधी सापडत नाही.

मुद्दाम करत नाही तो. शपथेवर सांगेन. त्याला ते दिसतच नाही. मलाही कुठे दिसलं होतं?

मंगळ. ११ ऑक्टो.
निवड समिती: काका, टीमचा कोच नितीन कदम (नाशिकचा) आणि मी. मी का, तर युनिव्हर्सिटी खेळलेली मंडळात एकटीच. दरवर्षी समितीचं काम म्हणजे चहा पिणे. यंदा नितीनचा फोन. "वहिनी, पहिली चढाई ओंकारला द्यायची. संजयदादांना राखीव ठेवू." आणि मग, "तुम्ही दादांशी बोलून बघा ना."

बरं आहे. वाईटपणा माझ्या पदरात.

थोड्या वेळाने काकांचा. त्यांना कुणकुण लागलेली. "अनुभव म्हणून काही असतो की नाही? पोराचं वय आहे, पुढच्या वर्षी खेळेल." मी म्हटलं, काका, त्याचंही कंत्राट वर्ल्ड कपपुरतंच आहे. पुढचं वर्ष दोघांनाही नाही. यावर काका इन्शाल्ला म्हणाले. कशाला ते कळलं नाही.

शनि. १५ ऑक्टो.
भाजी आणायला मुंतझात गेले आणि गाडी उगीच जुन्या गल्लीत घातली. आमचा पहिला फ्लॅट. खाली सलूनच्या जागी आता मोबाइलचं दुकान. मागे नुसती वाळू होती, तिथे टीम सुरू झाली. रेषा रांगोळीने आखायचे, घरून मीच डबा द्यायची. वारा आला की रेषा जायची, मग रेषा कुठे होती यावर अर्धा तास भांडण, खेळ राहिला बाजूला. मग कडक चहा, सगळे फुटपाथवर. लुसैल तेव्हा नावालाच, रस्ता संपायचा आणि वाळू सुरू. बायका मोजक्याच. कुणाकडे कोथिंबीर आली तरी फोन व्हायचा.

आता त्या जागी पार्किंग आहे. बराच वेळ बसले गाडीत. आठवत होता तो संजय: उघडे पाय, पाठीला वाळू, ओरडतोय, "शिल्पा, रेषा सांग कुठं होती! तुझी रांगोळी, तू सांग!" मी नेहमी त्याच्या बाजूने सांगायची. धडधडीत खोटं.

सोम. २४ ऑक्टो. लक्ष्मीपूजन
ओंकारला फराळाला बोलावलं. संजयनेच. एकटा पोरगा, आई तिकडे. चकल्या खाल्ल्या न मोजता. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा त्रासही झाला.

जेवण झाल्यावर दोघांनी हॉलमधला सोफा सरकवला. संजय त्याला शिकवत होता, खांदा एकीकडे दाखवून पाय दुसरीकडे कसा टाकायचा. ओंकारला तिसऱ्यांदा जमलं. संजयने शाबासकी दिली, "हां, आता बघ की! असंच!" मग सोफ्यावर बसून गुडघा चोळत मला म्हणाला, "लई चांगला आहे. अजून दोनेक वर्षं लागतील त्याला."

मी दिवे बघायला बाल्कनीत गेले.

शुक्र. २८ ऑक्टो.
समुद्रकाठी कॉर्निशवर सगळ्या देशांचे झेंडे. काल पायी फिरून आलो. संजय प्रत्येक रस्त्याखालचं गटार कुणी टाकलं ते सांगतो. इराने कानात बोळे घातले. "मी बांधलेल्या रस्त्यावरून जगातली माणसं जाणार," असं म्हणाला. मला त्याचा हात धरावासा वाटला, धरला.

याला राखीव बाकावर बसवायचं?

बुध. २ नोव्हें.
काकांच्या घरी बैठक, अल हिलालला. काका संजयसाठी, नितीन ओंकारसाठी. दोघं माझ्याकडे बघत. काकू बटाटेवडे आणून ठेवत होत्या, त्याही थांबल्या.

काका म्हणाले, "घरचा प्रश्न आहे, शिल्पाताई बाजूला राहिल्या तरी चालेल." माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं चहा प्यायला घरची चालते, आणि आज मत द्यायचं तर बाजूला? म्हटलं, मी खेळाडू आधी, बायको नंतर. वाक्य फेकलं आणि मग ते निभावावं लागलं.

म्हटलं, ओंकार.

आवाज बारीक आला. नितीन हसला नाही, ते बरं केलं त्याने.

गुरु. ३ नोव्हें.
सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी.

संजय कप ठेवून म्हणाला, "मत कुणाकुणाचं?"
"काका तुझ्या बाजूने. नितीन त्याच्या."
"आणि तू?"
मी सांगितलं. कारणही सांगितलं, तिसऱ्या चढाईचं. व्हिडिओ दाखवते म्हणाले. नको म्हणाला. ऑफिसला निघताना बूट घालायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला त्याला. "येतो" मात्र म्हणाला.

दिवसभर कशात लक्ष नाही. वाईट वाटतंय. माझं बरोबर आहे आणि मला खूप वाईट वाटतंय.

शुक्र. ४ नोव्हें.
प्रॅक्टिसला जाणार नाही असं वाटलं होतं. गेला. सगळ्यांच्या आधी जाऊन फोमचे चौकोन जुळवत बसला. ओंकार कसनुसा होऊन म्हणाला, "दादा, तुम्हीच जा ना पहिले, मी राखीवच बरा." संजय खवळला. "नाटकं करू नको. यल्ला, उठ."

माझ्याशी मीठ, मोबाइलचा चार्जर आणि इराचा क्लास एवढंच बोलणं.

मंगळ. ८ नोव्हें.
अबोला नाही म्हणता येणार. बोलतो. पण आमच्यात कबड्डी सोडून काय बोलायचं असतं हे दोघांनाही नव्याने शोधावं लागतंय. मिरजेच्या मैदानापासून आमचं सगळं बोलणं तिथूनच सुरू झालेलं. मी मुलींच्या टीमची, हा मुलांच्या. याची मॅच बघायला मी माझ्या टीमचं जेवण सोडून उभी होते. तिघांना अंगावर घेऊन ओढत रेषेपर्यंत आला. तीनच होते का? तो चार सांगतो.

शुक्र. ११ नोव्हें.
स्पर्धा. पंजाब्यांना आरामात हरवलं. फायनल मंगळूरवाल्यांशी.

पहिली चढाई ओंकार. गेला आणि गुण घेऊनच आला. नितीनने माझ्याकडे बघितलं, मी बघितलं नाही. पूर्वार्धात पुढे होतो. उत्तरार्धात त्यांनी ओंकारला ओळखलं. घोटा धरून पाडला, मग पुन्हा पाडला. गुण बरोबरीला. नितीनने एकाला काढून संजयला आत घेतलं.

दोन चढाया रिकाम्या. एक त्याचीच. तिसरी कुणाची? पोरं एकमेकांकडे बघत होती. संजयने हात वर केला.

आणि आत गेला. थेट. कोपऱ्यातल्या पोरापर्यंत, जिथे मी त्याला कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. मी उभी राहिले, इराही. हात लागला का? लागला असं मला वाटतं. चौघांनी धरला. रेषेकडे हात लांब केला होता त्याने. बोटभर कमी पडला.

हरलो. दोन गुणांनी.

हनुवटी सोललेली. हसत बाहेर आला. दोन वर्षांनी पकडला गेलेला माणूस, आणि इतका खूश! ओंकार रडत होता, त्याला यानेच धरलं.

शनि. १२ नोव्हें.
मंडळाच्या ग्रुपवर सकाळपासून चर्चा पेटली आहे. काकांच्या मते संजय पहिल्यापासून असता तर उत्तरार्धात पडझड झाली नसती. नितीनच्या मते ओंकार नसता तर फायनलच दिसली नसती. काकूंनी दोघांना नमस्काराची चित्रं पाठवली. मला विचारलंय, समिती म्हणून तुमचं काय म्हणणं? मी वाचून ठेवलं.

दुपारी संजयच्या हनुवटीला मलम लावत होते. आठवड्यानंतर एवढ्या जवळून बघत होते त्याला. दाढीत पांढरं बरंच झालंय.

म्हणाला, "तुझं बरोबर होतं."
म्हटलं, हूं.
"एक विचारू? खरं सांगायचं. मिरजेचा मी आणि हा ओंकार, दोघं समोर असते तर पहिली चढाई कुणाला दिली असतीस?"

मलम लावायचं थांबलं. तू, असं चटकन म्हणायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण गेल्या आठवड्यात खरं बोलायची सवय लागली आहे. आणि खरं म्हणजे मला ठाऊकच नाही. तेव्हा मिरजेच्या मैदानावर मी खेळ कुठे बघत होते?

सांगते, म्हटलं आणि आत येऊन वही उघडली. तो वाट बघतोय. बाहेर इराला काहीतरी सांगतोय मोठ्याने, पण कान इकडे आहेत.