रंग वाचला असता

कोची, मंगळवार

सौ. किशोरी हिस,
मी खुशाल आहे. सातवी शिकलेल्या मला विचारूनच इथले इंजिनियर बोटीचं इंजिन उघडतात. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

टीव्हीवरच्या त्या मालिकेत गोऱ्या नटीला काळा रंग फासून कोळीण केलीय, आणि लुगडं घोट्यापर्यंत! ते गुडघ्यापर्यंतच असतं, हे दाखवायला मी फेसबुकवर तुझा फोटो टाकला. तुला विचारलं न्हाय, ही माझी चूक. दिग्दर्शकानं खाली लिहिलं, "हिलाच घ्यायला हवं होतं, रंग वाचला असता." मी खडसावलं तर म्हणतो, "काका, सभ्य भाषेत बोला."

आपला पोरगा केतन म्हणाला, तोच दिग्दर्शक रविवारी मुरुडला शूटिंगला येतोय. आपली बोट हवीय, आणि नटीला लुगडं नेसवायला तू. फोटोतली बाई तूच, हे त्याला ठाऊक न्हाय.

येऊ दे. अगदी सभ्यपणे चहा दे. कप हातात असतानाच फोटो दाखव. त्याखाली पूर्ण नावानिशी माफी लिहीपर्यंत बोटीचा दोर सोडू नकोस. ओहोटी लागून सगळे चिखलात बसले तरी चालेल.

गुडघा दुखतोय का अजून?

फोटो मी हटवलेला न्हाय. तुझ्यात लपवण्यासारखं काय आहे? पण तू सांगितलंस तर आजच हटवीन. तेवढं सांगायला तरी फोन उचल.

तुझाच,
कान्हा