लॅमिनेट केलेली चिठ्ठी

मिरज, ४ ऑगस्ट २०२५

चि. चंद्रकांतास हेमलताचे अनेक आशीर्वाद,

ईशानला एकाच पावसाळ्यात दोनदा टायफॉइड? इंजिनिअर बापाच्या घरी पाणी उकळत नाहीत की काय?

माझ्या दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन सप्टेंबरात ठरलंय. दिवाळीत रत्नाबाईला काढल्यापासून हाताशी कोणी नाही; नवी बाई पोळ्या लाटते की नकाशे काढते, कळत नाही. ईशानची नोकरी सुटलीच आहे, तर त्याला दोन महिने इकडे पाठव. मला औषधं वेळेवर देईल, मी त्याला खायला घालीन. तुम्ही दोघे बापलेक तिकडे काय खाता, देव जाणे.

लोभ आहेच, उत्तर मात्र पाठव.
ताई

---

बेंगळुरू, ११ ऑगस्ट

तीर्थस्वरूप ताईस, शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी हल्ली फार सफाईने खोटं बोलतो. कागदावर हात अडखळतो, म्हणून हे पत्र.

टायफॉइड नव्हता. गेल्या वर्षी मे महिन्यात महादेवपुऱ्याच्या ऑफिसला जाताना अपघातात ईशानचा खांदा मोडला, तेव्हा डॉक्टरांनी अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी दहा दिवसांसाठी लिहून दिली. ती चिठ्ठी चुरगळू नये म्हणून मी लॅमिनेट केली. माझ्या रेशनकार्डाला तू हसली होतीस, तसंच. दहा दिवसांनी ईशान म्हणाला, बाबा, अजून ठणकतं. मी चिठ्ठी घेऊन गेलो. औषधवाला मला महाराष्ट्र मंडळात रविवारी संस्कृत शिकवणारा म्हणून ओळखतो. सार, स्वल्प थांबा, असं कानडी वळणाने म्हणायचा आणि तारीख न बघता पाकीट पुढे करायचा. असं वर्षभर. पोरगा बोलता बोलता पेंगायला लागला, नोकरी गेली, तेव्हा मी त्याच्या मित्रांवर संशय घेतला.

गोळ्यांचं व्यसन लागलंय, हे कळल्यावर मी त्या बंद केल्या. पाच आठवडे तो घामाने भिजत तळमळला. तो तुझा पहिला टायफॉइड. जुलैत एका दुपारी त्याने कुठून तरी मिळवून जुन्याच मापाने घेतल्या. शरीराची सवय मोडलेली, झेपलं नाही. ओठ निळे पडले. काय घेतलं, असं हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, तर मी म्हणालो, बाहेरचं काही खाल्लं असेल. शेजारी मंडळातले एक गृहस्थ उभे होते ना! पवित्रा नावाच्या नर्सने त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या बघितल्या, मला बाजूला सारलं आणि उताऱ्याचं इंजेक्शन मागवलं. तो वाचला, त्यात माझा वाटा शून्य.

आता उपचार चालू आहेत. तो यायला तयार आहे, पण ऑपरेशननंतर तुझ्या घरात पुन्हा तीच गोळी येणार.

आणखी एक. दिवाळीत आम्ही तुझ्याकडे येऊन गेलो, तेव्हा तुझ्या पहिल्या गुडघ्याच्या गोळ्यांचं पाकीट गेलं आणि तू रत्नाबाईला काढलंस. तुझा फोन आला त्याच्या आदल्या दिवशी ते मला ईशानच्या बॅगेत सापडलं होतं. ठणका वाढला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. तुला काय म्हणालो, आठवतं? हल्ली कुणाचा भरवसा राहिला नाही.

बोलावणं मागे घेतलंस तरी समजेन. लोभ असावा, हे लिहायला आज धजत नाही.
चंद्रकांत

---

मिरज, १९ ऑगस्ट

चंदू,

आशीर्वाद गृहीत धर, लिहवत नाहीत.

पत्र वाचून काठी टेकत रत्नाबाईच्या घरी गेले. चौदा वर्षं ती माझ्याकडे होती, आणि मी तिची डब्याची पिशवी जमिनीवर उलटी केली होती. तिने मला पाणी दिलं. म्हणाली, पिशवीचं जाऊ द्या ताई, पण नंतर गल्लीत कुणी काम दिलं नाही. आता मंगल कार्यालयात भांडी घासते. मी माफी मागितली. मग गोळ्या कुणी नेल्या, असं तिने विचारलं. मी काठी घेऊन उठले. ते मी सांगायचं नाही.

बोलावणं कायम आहे. गोळ्या शेजारच्या विश्वेश्वर डॉक्टरांकडे राहतील, ते एकेक आणून देतील. पण तूही बरोबर ये आणि स्टेशनवरून आधी तिच्या दारात जा. तिथे संस्कृत नको.

लोभ आहे. राग वेगळा, तो समोर आल्यावर.
ताई

---

बेंगळुरू, २५ ऑगस्ट

तीर्थस्वरूप ताईस, शि. सा. न. वि. वि.

तीन तारखेची तिकिटं काढली. रत्नाबाईंपुढे काय बोलायचं, ते चारदा लिहून काढलं. आजाराचा परिणाम, कोवळं वय, बापाची चूक, अशी वाक्यं बरी जमली आहेत. सत्तावीस वर्षांचं वय कोवळं कसं, असं ईशानने वाचून विचारलं आणि कागद परत दिला. खाली त्याला दोन ओळी लिहायच्या आहेत.

रागासह जेवढा लोभ देशील, तेवढा पुरे.
चंद्रकांत

आत्या, बाबांच्या चारही कागदांत मी काहीच केलेलं नाही. रत्नाबाईंशी मी बोलेन. तूही बरोबर ये आणि तेवढा वेळ बाबांना रिक्षात बसवून ठेव.
ईशान