न झालेल्या बाळाचं दूध

देगू, १२ नोव्हेंबर १९८५

ती. मालसुनताईस,
धाकट्या योनसिलचा शि. सा. न. वि. वि.

सुकी मासळी पोचली. भावजींची कंबर कशी आहे? किमचीचा कोबी चिरून पडलाय, पण मिठात हात घालायचं त्राण नाही. का ते सांगते, पण आईला यातलं अक्षर कळू देऊ नकोस.

रविवारी छांगग्यूच्या आई मला गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात घेऊन गेल्या. लग्न महिन्यावर आलं, आता मी त्यांची मुलगीच, म्हणून माझं अंग घासायची त्यांना हौस. पाठ झाली, मला वळवलं, आणि त्यांचा हात थांबला. माझ्या छातीतून पांढरा थेंब आला होता. त्यांनी दाबून पाहिलं. दुसरीकडूनही आला. मग साबण लावत बसलेल्या बायांसमोर मोठ्यानं विचारलं, की पोर कुठं लपवलंयस ग?

ताई, उन्हाळ्यापासून हे चाललंय. गाठी लागतात, ठणकतात. रुमालाच्या घड्या आत ठेवून मी शिवणवर्ग घेते. आंबूस वास येतो, माझी मलाच शिसारी येते. पण आईच्या गळ्याची शपथ, मला कुणाचा हात लागलेला नाही.

काल त्यांच्याकडून पुडकं आलं. आत वाळलेलं समुद्रशेवाळ, बाळंतिणीला सूप करून घालतात ते. संध्याकाळी छांगग्यू आला. सगळा वेळ नजर माझ्या छातीवर. म्हणाला, खरं सांगून टाक, मी माफ करीन.

तुझ्या मायेवर जगणारी,
योनसिल


मासान, १७ नोव्हेंबर

चि. योनसिल हिस अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि ताट बाजूला सारलं. बाजारात गाय घेताना आचळ दाबून बघतात, तसं बघितलं ग त्या बाईनं तुला! शी! आणि माफ करणारा हा कोण टिकोजीराव? ते शेवाळ उकिरड्यावर फेक.

ह्यांना अजून अंथरुणावरून उठता येत नाही, नाहीतर मीच आले असते. तू रडत बसू नकोस, डॉक्टरांकडे जा. आणि सगळं सांग, पाळीचंसुद्धा. सणाला आलीस तेव्हा आम्ही पंखे हलवत होतो आणि तू लोकरी मोजे घालून बसली होतीस, म्हातारी म्हणून चिडवलं मी तुला. तोंडही सुजल्यासारखं होतं. तेही सांग.

आईला बोलले नाही. पण ती लग्नाच्या पोशाखाचं कापड रोज उलगडून बघते.

तुझ्यासाठी जीव टाकणारी,
ताई


देगू, ६ डिसेंबर

ती. ताईस शि. सा. न.

गेले एकदाची. पहिल्या डॉक्टरांनी छाती दाबली, नर्सकडे बघून हसले आणि म्हणाले, लग्न झालं की सगळं जागच्या जागी बसेल. मी बाहेर येऊन गटारात थुंकले.

मग मोठ्या इस्पितळात बांग म्हणून डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी आधी माझे हात हातात घेतले, किती गार आहेत म्हणाल्या. पाळी, केस गळणं, तू लिहिलेले ते लोकरी मोजे, सगळं विचारलं. रक्त तपासलं, गाठी तपासल्या. कॅन्सर नाही. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी मंदावलीय. तिला जागं करायला मेंदू ओरडत राहतो, आणि त्या ओरडण्यानं दूध आणणारं हार्मोनही वाढतं. म्हणून दूध, म्हणून पाळी चुकणं. गाठींमागेही बहुधा तेच असावं. रोज सकाळी गोळी घ्यायची, धीर धरायचा. बाळंतपण न होताही असं होतं, कितीतरी बायकांना होतं आणि त्या लाजेनं येत नाहीत, असं त्या म्हणाल्या.

हे छांगग्यूला सांगितलं. तो म्हणाला, आईला विचारतो.

तुझीच,
योनसिल


मासान, २ मार्च १९८६

चि. योनसिल हिस अ. उ. आ.

दूध आटलं, पाळी आली, गाठी मऊ पडल्या हे वाचून मी तांदळाचे लाडू करून गल्लीत वाटले. कारण विचारलं तर ह्यांची कंबर बरी झाली म्हणून सांगितलं!

आता घाणेरडी गोष्ट. छांगग्यूकडची मध्यस्थ बाई येऊन गेली. डिसेंबरात त्यांनी पुढं ढकललेलं लग्न आता होईल म्हणते, पण डॉक्टरीणबाईंकडून लिहून आणा की मुलीला मूल झालेलं नाही. मी तिला चहासुद्धा विचारला नाही. पण आईला कळलं. ती म्हणते, कागदाचाच तर प्रश्न आहे, आणून टाका. लोकही विचारतात, लग्न का लांबलं. काय सांगू ते कळव.

तुझी काळजी करणारी,
ताई


देगू, ९ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

कागद मी मागितलाच नाही. परवा छांगग्यू स्वतःच नाशपातीची पेटी घेऊन आला. म्हणाला, आईला समजावलंय, कागद राहू दे, फक्त पुढं घरात हा विषय काढायचा नाही. मग जवळ सरकून हळूच विचारलं, आता स्वच्छ झालीस ना?

ताई, इतके महिने मला माझ्या अंगाची जी शिसारी येत होती, ती उठून त्याच्यावर जाऊन बसली. मी दार उघडलं आणि पेटी त्याच्या हातात परत दिली. तो विचारत राहिला, की मी असं काय वाईट बोललो? खरंच कळलं नव्हतं ग त्याला.

आईला म्हणावं, ते कापड फुकट जाणार नाही, मी त्याचा माझ्या मापाचा रोजचा पोशाख शिवीन.

आणि लोकांना काय सांगू म्हणून विचारतेस, तर सगळं सांग. म्हणावं, बहिणीला थायरॉइड होता, त्यानं छातीत गाठी झाल्या, दूध आलं, गोळ्यांनी बरं वाटलं. आवाज खाली करू नकोस. ऐकणाऱ्यांत एखादी रुमाल ठेवून बसलेली असेल. आणि लग्न कुणी मोडलं म्हणून विचारलं, तर माझं नाव सांग.

तुझा जीव असाच माझ्यात राहो,
योनसिल