सामाईक विहीर आणि अर्धं राहिलेलं वाक्य

जोतीरामभाऊजी, काटेवाडीच्या विहिरीच्या कठड्यावर बसून आपण तिघं मिठातल्या शेंगा खात होतो, ती दुपार तुम्हाला आठवत असेल. हे होते, तुम्ही होता आणि मी. मी, श्रीमती कुमुदिनी अजित गावडे, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, राहणार जळोची, ता. बारामती, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र त्या दुपारपासूनच सुरू करते, कारण भांडण तिथे सुरू झालं.

१. विहीर दोन्ही घरांची सामाईक, पाणी जरा खारट. मीठ तळाशी बसतं असं समजून भाऊजींनी स्वतःच्या मोटारीचा पाइप वर आणि आमचा खाली ठेवला होता. मी म्हणाले, विरघळलेलं मीठ असं खाली बसत नाही. उलट पाण्याच्या अगदी पृष्ठभागाशी आयोडाइडसारखे मोठे ऋण आयन वर येतात. सोडियमसारखे धन आयन भोवती पाण्याचे रेणू घेऊन जरा खालीच राहतात, पण...

"म्हंजी वरचंच खराब व्हय, वैनी?" म्हणून भाऊजी उठले. दुसऱ्या दिवशी त्यांचा पाइप तळाला, आमचा वर.

उन्हाळ्यात पाणी उतरलं. आमचा पाइप हवा ओढू लागला आणि लिंबाची बाग वाळली. हे भांडायला गेले, तर भाऊजी म्हणाले, "वैनींनीच सांगितलं व्हतं, मी काय मनानं केलं न्हाय." दोघे भाऊ पुन्हा बोलले नाहीत. हे तसेच गेले.

२. वाक्य अर्धं सोडायचं नाही, ही माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांची शिस्त. म्हणून पूर्ण करते: पण हा थर मोजक्या रेणूंइतकाच जाड असतो, तो कोणाच्याही पाइपात वेगळा येत नाही.

३. जळोचीचं घर आणि बँकेतली ठेव मुलगा सौरभ यास. "आई, त्या विहिरीवर आता जातं कोण? विकून टाकू," असं तो म्हणतो. मी जाते.

४. यांनी माझ्या नावे केलेली बागेची जमीन व विहिरीतला निम्मा हिस्सा नात राजनंदिनी हिला. ती सज्ञान होईपर्यंत देखरेख जोतीरामभाऊजींनी करावी. दुसऱ्या कोणावर माझा विश्वास नाही, याचं मलाही आश्चर्य वाटतं. दोन्ही पाइप एकाच खोलीवर असावेत. लिंबं पुन्हा लावावीत.

५. स्वयंपाकघरातली मिठाची चिनी मातीची बरणी भाऊजींस. शेंगा त्यांनी आणाव्यात आणि राजनंदिनीला कठड्यावर सोबत बसवावं.

६. हे मृत्युपत्र भाऊजींना मोठ्याने वाचून दाखवावं. वाचून होईपर्यंत त्यांना उठू देऊ नये.

सही: कुमुदिनी अजित गावडे
आमच्यासमक्ष सही केली. साक्षीदार: सोनम दीपक भोईटे, जळोची, मल्हार सावळाराम देवकाते, इंदापूर
बारामती, १२ फेब्रुवारी २०२५