वाचलेली लाकडं

डोंबिवली, ४ फेब्रुवारी २०२५

ति. काका,

सा. न. वि. वि. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने जोडता, म्हणून कागद घेतला.

कॉलेज मधेच सोडलं म्हणून गणपतीत तुम्ही माझ्याशी धड बोलला नव्हतात. आता बोला, नोकरी लागली. आमची संस्था शहराच्या धुराचा हिशेब ठेवते. कुठे काय जळतं, बेकरीची भट्टी, सोसायटीचा जनरेटर, कचऱ्याचा ढीग, ते फिरून विचारायचं, त्यावरून शहर वर्षाला किती कार्बन हवेत सोडतं ते काढायचं आणि पुढच्या वर्षी तो कमी करून दाखवायचा. मला टिटवाळ्याकडचा भाग मिळालाय, त्यात तुमचं नदीकाठचं स्मशानही आलं. तिथे गॅसदाहिनी बसवली तरी लोक लाकडंच मागतात. एका चितेला तीन-चारशे किलो लाकूड, काका! म्हणून मी युक्ती काढली. आमच्या घरात कुणी गेलं तर गॅसवरच, असा होकार लोकांकडून आधीच सही करून घ्यायचा. जेवढे होकार, तेवढं लाकूड वाचलं म्हणून लिहायचं.

आमच्या गटाची प्रमुख ऋतिका हे ऐकून हसली. ठाण्याची आहे, एम.एस्सी. झालीय. ती हसली की मला पुढचं वाक्य सुचत नाही. काकूला सांगू नका, ती लगेच पत्रिका मागेल.

होकार कमी पडतायत. तुम्ही सही केलीत तर अख्खी गल्ली करेल. नाही म्हणालात तर मी तिला तोंड कसं दाखवू?

जुन्या रागातून थोडा लोभ सुटा करून पाठवा.

तुमचा,
केदार

टिटवाळा, ११ फेब्रुवारी

चि. केदार यास त्र्यंबककाकाचे आशीर्वाद, थोडे राखून.

काकूला मी काही सांगितलं नाही. पाकीट तिनेच आधी फोडलं. पत्रिका तिला हवीच आहे, शिवाय मुलीला स्वयंपाक नसला येत तरी चालेल म्हणते, तुला येतो म्हणून.

तुझा हिशेब मात्र माझ्या डोक्यात शिरत नाही. माणूस इथे बसून चहा पितोय आणि त्याची लाकडं वाचली म्हणून तुम्ही आजच लिहून मोकळे? बोहल्यावर चढण्याआधी बारसं केल्यातली गत झाली.

तुझे वडील गेले तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. तुझा हात माझ्या हातात धरून मी तुला अग्नी द्यायला लावला. मला मूलबाळ नाही. माझं तूच करशील, असंच आणि लाकडावर, हे तेव्हापासून मनात धरून आहे. बटण दाबून अग्नी दिल्यासारखं वाटतं का रे? पण तू मागितलंस, म्हणून सही सोबत पाठवतोय. तुझाच हात असणार, तर बटण तर बटण. गल्लीतल्यांनाही सांगितलंय. आमच्या गोवऱ्या मसणात गेल्याच आहेत, त्या जमेत धरायच्या की वजा करायच्या ते तू बघ.

लोभ आहे तेवढा आहे, वाढवायला आता जागा नाही.

त्र्यंबककाका

डोंबिवली, २० मार्च

ति. काका,

नमस्कार, आणि आज तो नाचत नाचत.

तुमच्या सहीने गल्ली हलली. काल ठाण्यात मोठी बैठक झाली, तिथे पडद्यावर आमच्या स्मशानाचं लाकूड निम्म्यावर आलेलं दाखवलं. टाळ्या पडल्या! मग ऋतिकाने मधेच खुसपट काढलं. दुसरी दाहिनी येईपर्यंत लाकडाची वखार चालू ठेवू म्हणाली, एकच यंत्र आहे, बंद पडलं तर काय. माझं डोकं सटकलं. सगळ्यांसमोर म्हणालो, लोकांवर विश्वास नव्हता तर होकार घेतलेत कशाला? समोर लाकडं दिसली की लोक पुन्हा लाकडंच मागणार. आमच्या वरच्या साहेबांना पटलं. वखारीला कुलूप लागतंय, उरलेला माल उचलणार आहेत.

जिना उतरताना ती एवढंच म्हणाली की तू फार जोरात बोलतोस. दुसऱ्या कुणाला ती एवढंही बोलत नाही. मी काय ते समजलो.

आणि ते गोवऱ्यांचं पुन्हा लिहू नका. मला कळायला लागल्यापासून तुमच्या गोवऱ्या मसणात चालल्यात, आणि दोन वाट्या श्रीखंड तेवढं कमी होत नाही.

असेच ओरडत राहा, मला सवय आहे.

केदार

टिटवाळा, २ मे

चि. केदार,

तुझ्या काकूचे आशीर्वाद. आजवर यांच्या पत्राखाली जागा उरली तर मी दोन ओळी लिहायचे. आता वरपासून मलाच लिहायचंय.

चौकीतून सुटलास तो इकडे न येता परस्पर डोंबिवलीला गेलास. तेराव्याला तुझं पान वाढून ठेवलं होतं. पोलिसांनी तुला स्मशानातून नेल्यावर काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल.

दाहिनी पेटली नाही ती नाहीच. तू ती चालवणाऱ्या मुलाची कॉलर धरून दोन ठेवून दिल्यास, त्याने काय ती दुरुस्त होणार होती? दुसरीकडे न्यायला गाडी मिळेना. ऊन असं की बर्फाचं पाणी होऊन तिरडीखालून ओघळायला लागलं. वखारीला कुलूप. शेवटी ज्यांनी तुला होकार दिले तीच माणसं घरी गेली आणि दाराच्या फळ्या, मोडकी कपाटं, प्लायवूड, असेल ते घेऊन आली. कशाला रंग, कशाला सनमायका. धूर इतका काळा आणि झोंबरा की लोक नाकाला रुमाल लावून मागे सरले. अग्नी मी दिला. कुणी हरकत घेतली नाही, तू नव्हतासच.

आणखी एक. गोवऱ्यांची तू थट्टा समजलास. मीही तेच समजले. ते पत्र लिहिलं त्याच आठवड्यात कल्याणच्या डॉक्टरांनी मला बाहेर बसवून यांना सगळं सांगितलं होतं, ते मला परवा कळलं. मला बोलले नाहीत. तुला मात्र त्यांनी कळवलं होतं रे, त्यांच्या पद्धतीने.

जेवत जा.

तुझी काकू,
मंजुळा

डोंबिवली, ९ मे

ति. काकू,

पाया पडायला समोर यायची हिंमत नाही, म्हणून इथूनच.

ऑफिसात काकांच्या नावापुढे लाकूड वाचलं असं फेब्रुवारीपासून लिहिलेलं आहे. साहेब म्हणाले तसंच राहू दे, तो दिवस अपवादाचा होता, एवढ्यासाठी सगळा आकडा बिघडवायचा नाही. मी भांडलो. हात उचलला नाही, शपथ. म्हटलं, तो धूर याच शहराच्या हवेत गेलाय, मग तो कुणाच्या हिशेबात टाकणार? मग ऋतिका म्हणाली, काय काय जळलं ते विचारून आण, मी माझ्या सहीने हिशेबात लावते. माझ्याकडे न बघता म्हणाली. आता ती तशीच बोलते. ते संपलं काकू. सुरू तरी कुठे झालं होतं.

काल गल्लीत घरोघर फिरलो. कुणी बाथरूमचं दार सांगितलं, कुणी शाळेतला बाक, कुणी पोराचं टेबल. पाणी विचारलं सगळ्यांनी. एकाने जरी शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं. तुझ्या दारावरून दोनदा गेलो, बेल वाजवली नाही.

एकच घर राहिलंय. तू काय दिलंस?

रागाव, पण लिही.

केदार

टिटवाळा, १४ मे

चि. केदार,

आशीर्वाद.

पलंग दिला. ज्यावर ते गेले तोच. प्लायचा होता, वरून सागासारखा दिसायचा. वजन ठाऊक नाही, दोघांनी उचलून नेला. असेल तसं लिहून घे.

तू दोनदा गेलास ते खिडकीतून पाहिलं. हाक मारणार होते, आवाज फुटला नाही. त्या दिवसापासून घसा धरलाय, धुराने की कशाने कोण जाणे. अजून येऊ नकोस. मी हाक मारीन तेव्हा ये.

मंजुळाकाकू