तांब्याचा डबा आणि शुक्रवारचं व्हिनेगर

मँचेस्टर, शनिवार

ती. शकुवहिनींना विनायकाचा साष्टांग नमस्कार. (वाकताना गुडघा वाजला; तो आवाज वाईपर्यंत पोचला असेल तर त्यालाच नमस्कार समजावं.) तुमची सांधेदुखी कशी आहे? दादांचा रक्तदाब आणि दादांचा आवाज, दोन्ही उतरले असतील अशी आशा. आम्ही सुखरूप आहोत, आणि कालपासून तर फारच सुखरूप.

पंचवीस वर्षं तिथे करता तरी काय, असं तुम्ही विचारलं होतंत. तर ग्राफीन नावाचा कार्बनचा पापुद्रा असतो, जेमतेम एका अणूएवढा जाड. तो काचेच्या चकतीवर बसवलेला असतो, पण दिसत नाही (न दिसणाऱ्या वस्तूंवर श्रद्धा ठेवायची सवय मला दादांच्या पाठशाळेतच लागली). त्यातून वीज किती सहज वाहते ते आम्ही रेडिओ लहरींनी मोजतो. त्यासाठी माझा जोडीदार एरिक ऑलरेनशॉ याने तांब्याचा एक डबा स्वतःच्या हातांनी घडवलाय. आत लहरी सोडल्या की तो देवळातल्या घंटेसारखा घुमतो, फक्त कानाला कळत नाही. ग्राफीन ठेवलं की घुमणं मंदावतं, आणि किती मंदावलं त्यावरून उत्तर निघतं. पापुद्र्याला बोट लावायचं नाही, तार जोडायची नाही. (फोडणीच्या आवाजावरून तेल किती तापलंय ते तुम्ही माजघरातून सांगता, तसंच.)

यंदा एकच चकती तीन प्रयोगशाळांनी मोजायची होती. बाकी दोघींचे आकडे जुळले. आमचा सोमवारी जुळे, बुधवारी जुळे, शुक्रवारी मात्र भलतंच काही. विभागप्रमुख हिल्डा क्रॉम्प्टनबाईंनी सुनावलं, "एरिक, येत्या शुक्रवारी जुळलं नाही तर डबा भंगारात."

एरिक दोन महिन्यांत निवृत्त होतोय; अर्धं आयुष्य त्या डब्यात गेलंय. "बाई, डबा खोटं बोलत नाही," तो म्हणाला.

"मग शुक्रवार बोलतो का?"

आता शुक्रवारी दुपारी इथे सगळे पुड्यातला तळलेला मासा आणि बटाटे खातात, त्यावर व्हिनेगरचा अभिषेक. एरिकला चार वाजेपर्यंत आंबट दर्प येतो. ग्राफीनचा स्वभाव तुमच्या जाऊबाईंसारखा, हवेतलं काहीही लगेच मनाला लावून घेतं. मी पाठशाळेतला अन्वय-व्यतिरेक लावला: जिथे व्हिनेगर तिथे बिघाड, जिथे ते नाही तिथे बिघाडही नाही. निकाल एरिकला ऐकवला.

"विन, लेका, व्हिनेगर काढलंस तर बटाट्यात उरलं काय?"

"तुझा डबा," मी म्हणालो.

काल बिचारा सुतकात बसल्यासारखा कोरडे बटाटे चावत होता. (मीही माझा मटारचा लगदा बेचवच गिळला, पण ते वेगळं.) दोन वाजून दहा मिनिटांनी आकडा आला, आणि जुळला! एरिकने डब्यावर हलकेच थोपटलं आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिला. हिल्डाबाई म्हणाल्या, "ठीक आहे. राहू दे डबा." त्यांच्याकडून हे म्हणजे शाल-श्रीफळच. दादांना सांगा, पाठशाळेतल्या छड्या वाया गेल्या नाहीत.

तुमचा धाकटा दीर,
विनायक

ता. क. पत्र टाकायचं राहिलं. आज सोमवार. धुलाईहून विभागाचे अकरा पांढरे डगले परत आले, आणि हिल्डाबाई नाक दाबून विचारू लागल्या, गटार फुटलं का? गटार नव्हे, वहिनी. तुम्ही दिलेली हिंगाची डबी माझ्या खिशात राहून गुरुवारी डगल्यासकट धुवायला गेली होती. दर शुक्रवारी मटारवर हिंग टाकून, त्याच बोटांत चिमटा धरून, चकती डब्यात ठेवत होतो तो मीच. आज डब्यापाशी व्हिनेगर नेलं: ढिम्म. डगला नेला: घंटेचा सूर घसरला. छड्यांचं वाक्य दादांना वाचून दाखवू नये.

ता. ता. क. एरिकला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे माझ्या डब्याला तुझ्या वहिनीच्या फडताळाचा वास येत होता?" इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. तेव्हा दोन डब्या पाठवाव्यात, झाकणं घट्ट. एक मला, ती मी यापुढे जिन्याखाली उभा राहून खाणार आहे. दुसरी एरिकला. त्याला ती खायची नाही, मोजायची आहे; त्यासाठी त्याने निवृत्ती सहा महिने पुढे ढकलली.